फाइल, चावी आणि मेंटेनन्सची वही

27 सप्टेंबर 2018. सकाळी मी पुण्यात सदाशिव पेठेत एका घरी पोळ्या करत होते. शेजारणीचा फोन आला, "ताई, कालवा फुटलाय, घरात पाणी शिरलं." मुठा उजवा कालवा जनता वसाहतीपाशी फुटला होता आणि पाणी सरळ आमच्या दांडेकर पुलाच्या वस्तीत उतरलं होतं. मी पोचले तेव्हा गल्लीत गुडघ्याच्या वर चिखल. टीव्ही गेला, धान्य गेलं, गाद्या गेल्या. त्याचं दुःख चार दिवस झालं. खरा जीव अडकला होता तो पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. सासूबाईंच्या वेळची लाइट बिलं, सेवा शुल्काच्या पावत्या, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, रेशन कार्ड, सगळ्याचा मिळून एक लगदा झाला होता.

त्या रात्री बहिणीच्या घरी बसून मी एकेक कागद सोडवला, दोरीवर चिमट्यांनी वाळत घातला, दुसऱ्या दिवशी वर जुनं सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली. हाताने शाईत लिहिलेल्या पावत्या पार पुसल्या गेल्या. छापील बिलं टिकली. त्यात 1999 च्या डिसेंबरचं एक लाइट बिल होतं. तीन वर्षांनी आम्हाला घर मिळालं ते त्या एका कागदावर.

आता मी हडपसरच्या बाजूला पुनर्वसनाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहते आणि एका संस्थेत मानधनावर वस्त्यांचं काम बघते. ज्यांच्या वस्तीत पुनर्वसनाचा सर्व्हे लागलाय किंवा ज्यांच्या हातात नुकतीच चावी पडलीय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. संस्थांमध्ये दरवर्षी जी नवीन पोरं-पोरी कामाला येतात त्यांनीही वाचावं, कारण त्यांना वाटतं चावीवाटप झालं की फोटो काढून आपलं काम संपलं.

आधी फाइल

झोपडपट्टी पुनर्वसनात सगळा खेळ तारखेचा. 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून तुम्ही तिथे राहता याचा पुरावा असेल तर घर मोफत. त्यानंतरचे, 1 जानेवारी 2011 पर्यंतचे, पैसे भरून पात्र ठरतात. आणि नुसतं तेव्हा राहत होतो हे पुरत नाही, आजही तिथेच राहता हे दाखवावं लागतं. म्हणजे कागद दोन टोकांचे हवेत: एक जुना, एक आत्ताचा.

जुना म्हणजे लाइट बिल, महापालिकेच्या सेवा शुल्काची पावती, फोटोपास, मुलांच्या शाळेचा दाखला ज्यावर वस्तीचा पत्ता आहे, आणि मतदार यादी. यातलं काहीच सापडत नसेल तर मतदार यादीच्या मागे लागा. पेटी बुडाली, उंदरांनी खाल्ली, काहीही झालं तरी यादी सरकारकडे असते. निवडणूक शाखेत अर्ज देऊन जुन्या यादीचा प्रमाणित उतारा मागायचा. अर्जात विधानसभा मतदारसंघ आणि त्या वेळचा पत्ता नीट लिहा, शक्य असेल तर शेजाऱ्याच्या उताऱ्यावरून यादी भाग क्रमांक काढा. शेजारी ज्या भागात, तुम्हीही बहुतेक त्याच भागात असता. हे मला कुणी शिकवलं नाही. तीन हेलपाटे मारल्यावर एका क्लार्कबाईंना माझी दया आली आणि त्या म्हणाल्या, "अहो, बाजूच्या घराचा नंबर आणा, मी त्या पानावर बघते."

मग एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक कागदपत्रावर तुमचं नाव कसं छापलंय ते खाली खाली लिहून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त फायली इथेच अडकतात. आधारवर एक, रेशन कार्डावर माहेरचं, लाइट बिलावर सासऱ्यांचं आडनाव वेगळ्या स्पेलिंगनं, मतदार यादीत वय बारा वर्षांनी जास्त. सर्व्हेच्या आधी वेळ असतो तेव्हा हे दुरुस्त करा किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. यादी लागल्यावर पळापळ केली तर प्रत्येक टेबलावर तुम्हीच खोटे ठरता. आणि उत्पन्न, जात, रहिवास या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, तरी बाहेरचा माणूस तुम्हाला स्टॅम्प पेपर विकायला बसलेलाच असतो.

झोपडी सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल आणि ते गेले असतील तर मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद आताच जमवा. दिरांशी बोलणंही आताच करा. घर जवळ आलं की सगळ्यांना आपला हिस्सा आठवतो. आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ, एका ताटात जेवणारे, हरकतीच्या सुनावणीला दोन वेगळ्या रिक्षांनी गेले.

ज्यांनी झोपडी नोटरीच्या कागदावर विकत घेतलीय त्यांनी स्वतःची समजूत काढू नये. नोटरीच्या शिक्क्यानं जागा नावावर होत नाही, तो फक्त व्यवहार झाल्याचा कागद. तरी तो फेकू नका. आणि असा व्यवहार नव्याने करायला कुणी सांगत असेल, "सर्व्हे लागणारच आहे, आता घेऊन टाक", तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

फाइल कुठे ठेवायची? पेटीत नाही, पलंगाखाली नाही. चेन असलेलं जाड प्लास्टिकचं पाकीट, छताजवळच्या खुंटीला. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, एक संच दुसऱ्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाकडे. मोबाइलवर फोटो काढा आणि ते फोटो मुलीला, भावाला पाठवून ठेवा, कारण पाण्यात मोबाइलपण जातो. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. कार्यकर्ता असो, साहेब असो, आमची संस्था असो. मूळ फक्त दाखवायचा आणि परत पाकिटात.

सर्व्हे आणि यादी

सर्व्हेच्या दिवशी घरी थांबा. एक दिवसाची मजुरी बुडते, पण कुलूप दिसलं की नोंद "बंद" होते आणि बंदचं उघडायला सहा महिने जातात. अंगठा, फोटो, मोजमाप होतं. मोजणाऱ्या मुलाने काय लिहिलं ते त्याच्या समोर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर पोराला शाळेतून अर्ध्या दिवसाने बोलवा.

पात्र-अपात्रतेची यादी म्हणजे परिशिष्ट-2. आधी प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते, मग हरकती, मग अंतिम. प्रारूप यादीत नाव नाही म्हणून लोक रडत घरी बसतात. ती रडायची वेळ नाही, ती अर्जाची वेळ आहे. हरकत लेखी द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का बघा. तोंडी "बघतो ताई" याला काही किंमत नाही. माझी स्वतःची हरकत एकदा एका टेबलावरून गायब झाली होती. पोच होती म्हणून दुसऱ्यांदा दिली ती जुन्या तारखेनेच धरली गेली.

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर केलं जातं. हे बायकांनी नीट ऐकावं. फॉर्मवर दोघांचं नाव, दोघांची सही किंवा अंगठा. नवरा सोडून गेलेला असेल, दारू पिऊन कुठे पडलेला असेल, तर तेही आधीच अर्जात लिहून द्या. "बाईला काय कळतंय" म्हणणाऱ्यानं पुढे घर परस्पर गहाण टाकल्याची उदाहरणं मी दोन बघितलीत. आणि मिळालेलं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही, त्यामुळे घेणारा जो कागद करतो तोही पुन्हा नोटरीचाच. म्हणजे तुम्ही रस्त्यावर आणि तो लटकत.

रांगोळीचं घर

हा भाग मला सगळ्यात आवडतो. येरवड्याच्या वस्त्यांमध्ये जेएनएनयूआरएम या केंद्र सरकारच्या शहरांसाठीच्या योजनेच्या पैशातून लोकांची कच्ची घरं जागच्या जागी पक्की बांधली गेली. महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या बचत संघटनेच्या बायका तिथे वर्षानुवर्षं काम करत होत्या. घरागणिक 3 लाखांचा खर्च धरला होता, त्यातला 10 टक्के वाटा कुटुंबाचा. मी ती घरं बघायला गेले होते. मला घरापेक्षा तिथल्या बायकांचं बोलणं लक्षात राहिलं. जिना कुठे, मोरी कुठे, खिडकी कुणाच्या दाराकडे उघडते, हे त्यांना पाठ होतं. वस्तीतल्या बायकांना घराचा नकाशा कागदावर कळत नाही असं म्हणतात. कागदावर मलाही कळत नाही. जमिनीवर कळतो.

म्हणून आम्ही असं करतो. देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात 18 फूट बाय 15 फूट चौकोन रांगोळीने आखायचा. झाले 270 चौरस फूट, आमच्या इमारतीत एवढीच घरं आहेत. पुढच्या योजनांमध्ये 300 फूट आहे, तेव्हा आपल्या योजनेचं माप विचारून घ्या. मग आत भिंती आखायच्या: संडास, बाथरूम, ओटा. आणि मग घरातला खराखुरा पलंग, खरं कपाट, शिलाई मशीन, पाण्याचा पिंप आणून ठेवायचा.

आमच्या वेळी एका वहिनींनी पलंग ठेवला आणि दार उघडेना. सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत, त्यांच्या लग्नातला पलंग होता. तिथेच ठरलं की तो पलंग गावी जाणार आणि नवीन घरात खाली पेटी असलेला दिवाण येणार. हे चावी मिळाल्यावर टेम्पोतून उतरवून जिन्यात अडकल्यावर कळण्यापेक्षा रांगोळीवर कळलेलं स्वस्त. दोन तासांत बायकांनी ओट्याची बाजू बदलून मागितली, कारण खिडकी एकीकडे आणि ओटा दुसरीकडे, मग फोडणीचा ठसका सगळा अंथरुणावर. ती मागणी लेखी दिली. मान्य झाली नाही, पण ओट्यावर धूर ओढायच्या पंख्यासाठी भोक ठेवलं गेलं, आणि ते आजही कामाला येतं.

कुणाला कुठलं घर याची सोडत निघायच्या आधी अजून एक मागा: गल्लीवार गट. पाच-सहा घरं मिळून एक अर्ज करायचा की आम्हाला एकाच मजल्यावर द्या. हे मान्य होईलच असं नाही, पण मागितलं नाही तर विचारही होत नाही. म्हातारी माणसं, अपंग माणसं असलेल्या घरांचा वेगळा अर्ज, खालच्या मजल्यासाठी, प्रमाणपत्र जोडून. आमच्या गटाला मजला एकच मिळाला. शेजारच्या आक्का मात्र एकट्याच होत्या, कुठल्या गटात नाव घालायचं राहून गेलं, त्या गेल्या सातव्यावर. लिफ्टची त्यांना भीती वाटायची. रोज सकाळी कठडा धरून सात मजले उतरायच्या आणि संध्याकाळपर्यंत गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वर माणूस दिसत नाही गं. नुसती दारं." त्यांचं नाव गटात घालायचं माझ्याकडूनच राहिलं होतं.

झोपडीच नसेल तर

भाडेकरू, अपात्र ठरलेले, वस्तीबाहेर खोली घेऊन राहणारे यांना दोन रस्ते: म्हाडाची सोडत आणि प्रधानमंत्री आवास योजना. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत मोठ्या खासगी प्रकल्पांमधली घरंही येतात, कारण 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्याला 20 टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ठेवावी लागतात. अर्ज ऑनलाइन, आधार-पॅन जोडलेलं हवं, अनामत रक्कम भरावी लागते आणि नंबर लागला नाही तर ती परत येते. आवास योजनेत देशात कुठेही पक्कं घर नावावर नसावं आणि घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं. सोडत कुणी "मॅनेज" करून देत नाही. पन्नास हजार मागणारा भेटला तर समजा की तुमचा नंबर लागला असता तरी त्याने श्रेय घेतलं असतं आणि नाही लागला तर फोन बंद.

अडचण येते ती पुढे, कर्जाला. नंबर लागलेल्या कितीतरी बायकांनी घर सोडून दिलं, कारण बँकेला पगाराची स्लिप हवी आणि धुण्याभांड्याला स्लिप कोण देणार? म्हणून अर्ज करायच्या वर्षभर आधीपासून मालकिणींना सांगा, "वहिनी, पैसे खात्यावर टाका." रोख मिळाले तर दर आठवड्याला तुम्हीच खात्यात भरा. बारा महिन्यांचं पासबुक बोलतं. घरेलू कामगार म्हणून नोंदणी करा, त्यासाठीचा कायदा 2008 पासून आहे. बचत गटाचं कर्ज वेळेवर फेडल्याची नोंदही मॅनेजरला दाखवा. एकीचं काम त्या नोंदीवर झालंय.

सामान हलवायच्या आधीचे पंधरा दिवस

जुन्या घराचं मीटर बंद करून घ्या. महावितरणच्या भाषेत याला पीडी म्हणतात, कायमचं खंडित. नुसतं वायर कापून निघून आलात तर तिकडे बिल चढत राहतं आणि इकडे नवीन मीटरच्या वेळी थकबाकी म्हणून समोर येतं. जुन्या मीटरची अनामत परत मागायची असते, फार नसते, पण टेम्पोच्या भाड्याला हातभार लागतो.

शाळेचं मुलांच्या आईच्या डोक्यात सगळ्यात जास्त असतं. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर होतोय म्हणून आठवीपर्यंत नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. वर्षाच्या मध्ये घर बदलत असाल आणि मूल दहावीला असेल तर मात्र शाळा बदलू नका, पीएमपी बसचा पास काढा. माझी मुलगी सातवीत होती, तिला मी घाईने बदललं. नवीन वर्गात तिला कुणी बसायला बाक देईना, तीन महिने ती डबा तसाच परत आणायची. पुन्हा वेळ आली तर वर्ष संपू देईन.

रेशन कार्डावर पत्ता बदलेपर्यंत जुन्या दुकानातूनच धान्य घ्यायची गरज नाही, अंगठा लावून दुसऱ्या दुकानातूनही घेता येतं. तरी पत्ता बदलून घ्या. दवाखान्याच्या खर्चाला मदत करणाऱ्या महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचं कार्ड असेल तर त्याचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, नवीन पत्त्याचा पुरावा आला की लगेच ते करा. दुखणं मुहूर्त बघून येत नाही. धर्मादाय रुग्णालयांमध्ये 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, त्यालाही उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्डच लागतं. बघा, पुन्हा फाइलच.

आणि कामं. हे कुणी सांगत नाही. दांडेकर पुलावरून सदाशिव पेठेत मी चालत जायचे, सहाला निघाले की सव्वासहाला पहिल्या घरी. हडपसरहून दोन बस. पहिल्या महिन्यात माझी दोन सकाळची घरं सुटली. म्हणून चावीच्या आधीच एक दिवस रिकामा काढून नवीन घरापासून कामापर्यंत खरोखर बसने जाऊन या. वेळ घड्याळात बघा, तिकिटाचे पैसे लिहा, आणि मालकिणींशी वेळ बदलण्याचं बोलून ठेवा. चार जणींनी मिळून नवीन जागेजवळच्या सोसायट्यांत आधीच विचारून ठेवलं तर अजून बरं.

मेंटेनन्सची वही

झोपडीत महिन्याला घरासाठी म्हणून काही भरायचं नसतं. लाइट बिल, सेवा शुल्क, बस. इमारतीत पाणी आपोआप वर चढत नाही. हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत म्हणते आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतं, "पण घर फुकट आहे ना?"

आमच्या विंगेत 56 घरं. ठरलं महिना 350. पहिल्या महिन्यात 31 घरांनी दिले, म्हणजे 10,850. खर्च आला 14,500: सामायिक मीटरचं बिल 6,200, लिफ्टवाल्याचे 3,800, झाडलोट करणाऱ्या मावशींचे 4,500. तिसऱ्या महिन्यात लिफ्ट बंद पडली आणि सतरा दिवस बंदच राहिली, कारण कंत्राटदाराची बाकी होती. मग भांडण. तळमजला आणि पहिला मजला म्हणाला, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही कशाला भरू? वरचे म्हणाले, तर मग तुमचा कचरा आमच्या मावशींनी का उचलायचा?

भाषण देऊन काही होणार नव्हतं. लिफ्ट दुरुस्त झाल्यावर मी आणि चौथ्या मजल्यावरचा एक वायरमन पोरगा, आम्ही तीन दिवस मीटरपाशी वही घेऊन बसलो. कोणतं यंत्र किती वेळ चालतं ते लिहिलं, सुरू-बंद करताना आकडे टिपले. दिवसाला पंप 18 युनिट, लिफ्ट 7, जिन्यातले दिवे 3. मोठ्या अक्षरात लिहून गेटपाशी चिकटवलं. तळमजल्याच्या लोकांनी वाचलं. त्यांच्या नळाला येणारं पाणीही त्याच पंपानं टाकीत चढून खाली यायचं, हे बहुतेकांच्या डोक्यातच नव्हतं. जास्त वीज पंप खातो, लिफ्ट नाही. भांडण संपलं असं नाही म्हणणार, पण आवाज उतरला. तळमजल्याला 40 रुपये कमी केले.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. पैसे न देणाऱ्या पंचवीस घरांतले बहुतेक नाक्यावर काम शोधणारे, हमाल, पेंटर, फेरीवाले. त्यांच्याकडे एक तारखेला 350 कधीच एकदम नसतात. रविवारी संध्याकाळी 80 असतात. म्हणून दोन पद्धती केल्या: पगारवाल्यांसाठी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत 350, रोजंदारीवाल्यांसाठी दर रविवारी 80. वर्षाला 80 चे होतात 4,160 आणि 350 चे 4,200. वरचे 40 दिवाळीच्या आठवड्यात मागते, देतात. चार महिन्यांत 49 घरं भरायला लागली.

वहीचे नियम: पावती प्रत्येकाला, दहा रुपयांचीही. वही आणि पैसे एका घरी नाहीत, वही एकीकडे, पैसे बँकेत आणि चेकवर दोन सह्या. महिन्याचा हिशोब लिफ्टशेजारी भिंतीवर, थकबाकीदारांची नावं मात्र भिंतीवर कधीच नाहीत. आम्ही एकदा लावली. ज्यांची नावं लागली त्यांच्यात एक बाई नवऱ्याच्या डायलिसिससाठी पैसे जमवत होती. तिने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं आणि मला ते अजून डाचतं. आता थकबाकीदाराच्या घरी मी एकटी जाते, चहाच्या वेळी, आणि आधी तब्येत विचारते.

चावी घेण्याआधी विकासकाकडून तीन गोष्टी लिहून घ्या. संस्थेच्या नावे देखभालीसाठीची ठेव कुठल्या बँकेत आणि किती, लिफ्ट आणि पंपाची वॉरंटी कधीपर्यंत, आणि गळती निघाली तर कुणाला कळवायचं. आमच्या वेळी ठेवीची पावती मिळायला अकरा महिने लागले. तोंडी आश्वासनं रोज मिळायची.

गृहनिर्माण संस्था नोंदली की तुमची कमिटी होते. दरवर्षी 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, नोटीस आधी, हजेरीवर सह्या, इतिवृत्त लिहून. कमिटीत बायका घ्या, नुसत्या नावाला नको. पाणी कधी येतं, गळती कुठे आहे, कोणाच्या घरी काय चाललंय हे बायकांना माहीत असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघीजणी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेत कचरावेचक आहेत. ओला-सुका कचरा वेगळा करण्यावर त्या सभेत बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा पहिल्यांदा कुणी मध्ये बोललं नाही. आज आमच्या विंगेचा कचरा शेजारच्या टॉवरपेक्षा नीट वेगळा होतो, आणि टॉवरमध्ये सगळे इंजिनिअर आहेत.

मालमत्ता कराचं एक राहिलं. स्वतः राहत असाल तर महापालिकेच्या करात 40 टक्के सवलत मिळते, त्यासाठी पीटी-3 अर्ज भरावा लागतो. बिल आलं की आधी बघा सवलत लागलीय का. आमच्या मजल्यावर तिघांना लागली नव्हती आणि ते पूर्ण बिलाचे हप्ते पाडायच्या विचारात होते.

संस्थेच्या पोरांसाठी दोन शब्द

तुम्ही येता, आरोग्य शिबिर घेता, बॅनर लावता, जाता. त्यापेक्षा एक टेबल आणि दोन खुर्च्या जिन्याखाली टाका आणि दर रविवारी त्याच वेळी, त्याच जागी, वर्षभर बसा. पहिले दोन महिने कुणी येत नाही. मग एक आजी बँकेचा मेसेज वाचून घ्यायला येते. मग तिची सून येते, नवरा मारतो हे सांगायला, पण सुरुवात गॅसच्या सबसिडीने करते. घाई करू नका, सबसिडीचं आधी ऐका.

पैसे हातात घेऊ नका. मूळ कागद ठेवून घेऊ नका. "होऊन जाईल" म्हणू नका, "अर्ज दिलाय, पंधरा तारखेला विचारू" म्हणा, आणि पंधराला खरंच विचारा. कुणाच्या घरात काय चाललंय ते दुसऱ्या घरी सांगू नका, इमारतीच्या भिंती वस्तीच्या पत्र्याइतक्याच पातळ असतात. आणि पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त लक्ष म्हाताऱ्या माणसांवर ठेवा. आक्कांसाठी आम्ही शेवटी एवढंच केलं: दुपारी तीनला सातव्या मजल्याच्या लॉबीत सतरंजी टाकायची. दोघी-तिघी शेंगा निवडायला, कुणी गोधडी शिवायला, कुणी नुसत्या बसायला. आठ दिवसांनी आक्कांनी खाली उतरणं सोडलं. लिफ्टची भीती गेली नाही, पण आता सहाव्या मजल्यावरच्या बायका जिन्याने वर येतात.

रविवारी दहा ते एक मी जिन्याखाली असते. येताना झेरॉक्स आणा, मूळ कागद खुंटीलाच राहू दे.